गावचे आजोबा मजेत आहेत

सातपूरच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. यंत्रावरून उतरलेला भाग मोजायचा, मापात बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर लाल रंग लावून बाजूला ठेवायचा. सव्वीस वर्षं हेच काम. यंत्रावरची पोरं म्हणतात, "साहेब, दोन मायक्रॉननी काय आभाळ कोसळतंय का?" मी म्हणतो, आभाळ कोसळत नाही, पण माप बसत नाही. त्यावर ते हसतात आणि मी लाल रंग लावतो.

घरात मी वेगळा नव्हतो. मुलगी पाच वर्षांची झाली त्याच महिन्यात आम्ही वणीच्या गडाला निघालो होतो. मी, आई आणि मुलगी. एसटीत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नसतं, पाचच्या पुढे अर्धं. कंडक्टर आला तेव्हा आईने पोरीला मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "चार वर्षांची हे."

मी म्हणालो, "पाच वर्षं अकरा दिवस."

कंडक्टर हसला. म्हणाला, "आजी, तुमचा मुलगा लय कडक दिसतो." मागच्या सीटवरच्या बायाही हसल्या. आई दिंडोरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दिंडोरीला खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "चारचौघांत आईला खोटं पाडायचं, हे कुठल्या शाळेत शिकलास?" मुलीला मात्र ते फार आवडलं होतं. पुढचा आठवडाभर ती भेटेल त्याला सांगत होती की मी पाच वर्षं बारा दिवसांची, पाच वर्षं तेरा दिवसांची.

आई खोटं बोलणारी बाई नव्हती. लहानपणी शेजारच्या शेतातला ऊस मी तोडला आणि नाही म्हणालो, तेव्हा तिने मला उसानेच मारलं होतं. पण काही गोष्टी ती खोट्यात धरतच नसे. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. बांगडी फुटली तर 'वाढली' म्हणायचं. दुसऱ्याच्या घरी कुणी खायला विचारलं तर पोटात कावळे ओरडत असले तरी 'आत्ताच खाऊन आलो' म्हणायचं, दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला तरच घ्यायचं. याला ती वळण म्हणायची. मी मुलीला सांगायचो, भूक असेल तर आहे म्हण, नसेल तर नाही म्हण. दिवसभर पोरगी आईजवळ असायची आणि संध्याकाळी माझ्याजवळ, त्यामुळे तिच्यात दोन्ही शिकवण्या एकत्र नांदत होत्या. एकदा समोरच्या काकूंनी तिला विचारलं, "थालीपीठ खातेस का गं?" ती म्हणाली, "नको. नको. आता तिसऱ्यांदा विचारा."

काकूंनी ही गोष्ट सगळ्या बिल्डिंगला सांगितली. आईला राग आला आणि हसूही आलं. मला वाटलं, पोरीने तिढा बरोबर सोडवला.

ती दहा वर्षांची असताना माझे काका वारले. त्या दिवसांबद्दल मला लिहायचं आहे.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वणीच्या अलीकडे आमचं गाव आहे, नाशिकहून बेचाळीस किलोमीटर. आई लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा काका सहा वर्षांचे होते आणि त्यांची आई नुकतीच गेलेली. आईने दिराला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत सोडलं, पुढे त्यांचं लग्नही लावून दिलं. मी जन्मलो तेव्हा काका शाळेची शेवटची इयत्ता पास झाले होते. आई म्हणायची, माझं पहिलं पोर ते, तू दुसरा. वडील गेल्यावर आई माझ्याकडे नाशिकला आली आणि काका दर गुरुवारी सकाळी साडेदहाला, बागेला पाणी सोडून झालं की तिला फोन करायचे. दहा-बारा मिनिटं बोलायचे. काय बोलायचे तर काय जेवलीस, पाय दुखतो का, कुणाची गाय व्याली. वर्षानुवर्षं तेच.

आईच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन एकोणीस दिवस झाले होते. मार्चचा शेवट होता. बुधवारी सकाळी मी कारखान्यात कार्ड लावलं आणि वीस मिनिटांत चुलतभावाचा फोन आला. "दादा, अण्णा गेले. चहा पिता पिता गेले."

मी बाहेर पायरीवर येऊन बायकोला फोन केला. ती सुरगाण्याकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. तेव्हाही होती, आजही आहे. शनिवारी दुपारी येते, सोमवारी पहाटे जाते. ती म्हणाली, "अहो, आईंना कळू द्यायचं नाही. डॉक्टरांनी दोन महिने धक्का नको म्हणून सांगितलंय." मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनीही तेच सांगितलं. चुलतभाऊ म्हणाला, "काकूला नको सांगू. अण्णा असते तर तेपण हेच बोलले असते." अशा प्रकारे पाऊण तासात ठरलं. आमच्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आजाऱ्यापासून मृत्यू लपवणं हे घरच्यांचं कामच समजतात. सांगून टाकणारा माणूस सगळ्यांना उलट्या काळजाचा वाटला असता.

अडचण माझी होती. मला खोटं बोलता येत नव्हतं. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही, काही लोकांना शिट्टी वाजवता येत नाही तसंच ते आहे. म्हणून मी वेगळा रस्ता काढला. जे बोलायचं ते आधी खरं करून ठेवायचं. आईला मी सकाळी 'कामावर जातो' म्हणालो होतो आणि कार्ड लावलेलं होतंच, तेव्हा ते खरं होतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गावी गेलो, सगळं उरकलं, तिथेच अंघोळ केली आणि रोजच्या वेळेला घरी परतलो. आईच्या फोनवर गावाहून कुणीही फोन केला असता, म्हणून त्याच संध्याकाळी तो फोन घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चालू करून बघितला.

"याला झालंय काय?"

"काही नाही. पंधरा दिवस ठेवा."

"काही नाही झालं तर ठेवू कशाला?"

"माझ्यासाठी ठेवा," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि पावती फाडली. घरी येऊन मी आईला म्हणालो, "तुझा फोन दुरुस्तीला टाकलाय." शब्दन् शब्द खरा होता.

पण आई दिवसभर मुलीबरोबर असायची. शाळा सकाळची, अकराच्या आत पोरगी घरी, आणि गुरुवारी तर तिला सुट्टीच होती. काकांचा फोन आला नाही तर आई तिलाच विचारणार, आणि तिथे खरं करून ठेवता येण्यासारखं काही नव्हतं. तिथे साधं खोटंच लागणार होतं. त्या संध्याकाळी मी मुलीला गच्चीवर घेऊन गेलो आणि सांगितलं की गावचे आजोबा वारले, आजीला सांगायचं नाही, आजीने विचारलं तर म्हणायचं, पप्पांच्या फोनवर फोन आला होता, आजोबा मजेत आहेत, द्राक्षांच्या कामात आहेत.

ती आधी थोडी रडली. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलू?"

"आजीच्या तब्येतीसाठी."

"मग बसमध्ये तुम्ही पाच वर्षं अकरा दिवस का सांगितलं? आजीला तेव्हापण वाईट वाटलं होतं."

मी म्हणालो, ते वेगळं होतं.

"कसं वेगळं?"

मी म्हणालो की तिथे आपला फायदा होत होता, इथे आजीचा आहे. तिने यावर बराच विचार केला. गच्चीच्या कठड्याला टेकून उभी होती. मग म्हणाली, "पण मग तुम्हीच का नाही सांगत?"

"मला जमत नाही."

"मला जमेल," ती म्हणाली, आणि खाली गेली.

त्या पंधरवड्यात तिच्या शाळेत 'नेहमी खरे बोलावे' असा निबंध आला. तिने लिहिलं होतं: बसमध्ये खरे बोलावे. परीक्षेत खरे बोलावे. आजारी माणसाशी खरे बोलू नये, त्याला बरे वाटू द्यावे. दुसऱ्यांच्या घरी दोनदा खोटे बोलावे, मग खरे बोलावे. बाईंनी शेवटच्या दोन वाक्यांखाली लाल रेघ मारून 'विषयाला धरून लिही' असा शेरा दिला होता. मी सही केली.

भावकीत कुणी गेलं की आमच्यात दहा दिवस सूतक पाळतात. देवाला हात लावायचा नाही, पूजा करायची नाही. आई रोज पूजा करायची. तिला न सांगता तिच्या हातून सूतकात पूजा होणार, हा विचार मला खात होता. मी गावातल्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, सूतक ऐकल्यापासून लागतं, ज्याने ऐकलं नाही त्याला दोष नाही. माझी ती शंका मिटली. पण गुरुवारी संध्याकाळी कामावरून आलो तर आई म्हणाली, "हात थरथरतात माझे. उद्यापासून पूजा पोरगी करंल. शिकू दे तिला." मला बरंच वाटलं. ऑपरेशननंतर अशक्तपणा येतोच. तिचं ब्लडप्रेशर मी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचो. त्या संध्याकाळी वरचा आकडा एकशे अडुसष्ट होता, सकाळी एकशे अठ्ठावीस होता. मी डॉक्टरांना कळवलं, त्यांनी गोळी वाढवली.

मुलीला विचारलं, "आजीने विचारलं का?"

"विचारलं. मी सांगितलं."

"काय म्हणाली?"

"बरं म्हणाली."

पोरगी नीट वागली, असं मला वाटलं. मग दिवस सुरळीत गेले. सकाळी मुलगी परकर नेसून पूजा करायची आणि आई लांब खुर्चीवर बसून तिला सांगायची, आधी गणपती, मग देवी, गंध करंगळीशेजारच्या बोटाने. आईने फोनबद्दल एकदाच विचारलं. मला वाटलं, गोळ्यांमुळे विसरते.

नवव्या दिवशी पुन्हा गुरुवार होता. संध्याकाळी चहा घेताना आई माझ्याकडे बघून म्हणाली, "केस लय वाढलेत तुझे."

"नाही वाढले."

"उन्हाळा लागला. डोकंच करून टाक की सरळ. लहानपणी दर उन्हाळ्यात करायचास."

मी म्हणालो, "सत्तावीस दिवसांपूर्वीच कापलेत. मी पस्तीस दिवसांनी कापतो."

तिने कप खाली ठेवला. "तुझी मर्जी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहावा. चुलतभावाने काकांचा दहावा नाशिकला, रामकुंडावर करायचं ठरवलं होतं. दोन जीपा भरून भावकी आली. माझं घर तिथून साडेपाच किलोमीटर. इतकी माणसं गावाहून आली आणि मी एकालाही घरी चला म्हणू शकत नव्हतो, उलट प्रत्येकाला सांगत होतो की घराकडे येऊ नका. काकू माझा हात धरून म्हणाली, "जाऊबाईंना लांबून तरी बघू दे." मी नको म्हणालो. ती पदर तोंडाला लावून बसून राहिली.

दहाव्याला जवळचे पुरुष डोकं करतात, म्हणजे सगळे केस काढतात. न्हावी ओळीने बसले होते. चुलतभाऊ उठला, त्याचं झालं होतं, डोक्यावरून पाणी गळत होतं. "दादा, बस."

"मला नाही करता येणार. आई बघेल."

त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं. मागून भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "शेरात केसाला लय भाव आला वाटतं."

"राहू द्या आबा," चुलतभाऊ म्हणाला. "त्याच्या घरी वेगळं हे."

"वेगळं म्हणजे काय? ज्यानं खांद्यावर खेळवलं त्याच्यासाठी चार केस जड झाले?"

मी मोजलं नसतं तर बरं झालं असतं, पण मोजलं. सतरा पुरुष होते. सोळांची डोकी तुळतुळीत आणि माझ्या डोक्यावर केस. विधीला मी मागे उभा राहिलो. तांब्या माझ्याकडे आला तेव्हा दोघांनी माझ्या केसांकडे पाहिलं आणि नजर खाली केली. नंतर सगळे पंगतीला धर्मशाळेत गेले, मी दोन घास खाऊन कामावर गेलो. बसमध्ये उभा असताना मला काकांची फार आठवण आली. सांगायला कुणी नव्हतं. बायको सुरगाण्याला, आईला सांगायचं नव्हतं, मुलीला आणखी काही उचलायला लावायचं नव्हतं.

पंधराव्या दिवशी मी आईचा फोन परत आणला. तिने तो हातात घेतला, फिरवून बघितला आणि म्हणाली, "नको मला. कान दुखतात आजकाल. तुझ्याकडंच राहू दे." माझ्या मनावरचं ओझं उतरलं. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा एका रविवारी मी आणि बायकोने तिला समोर बसवून सांगितलं. ती ऐकत राहिली. मग रडली, डोक्यावरून अंघोळ केली, "कधी गेला?" विचारलं. मी तारीख आणि वेळ सांगितली. "तुम्ही मला जपलं," ती म्हणाली. ऑपरेशननंतर आई पाच वर्षं जगली. हे एक काम मी नीट पार पाडलं, असं मी स्वतःशी मानत आलो.

आता मुलगी अठरा वर्षांची आहे. या जूनमध्ये पुण्याला शिकायला गेली. जायच्या आधीच्या रविवारी, दुपारी, तिला हॉस्टेलवर न्यायला पांघरूण हवं म्हणून आम्ही दोघं आईचं कपाट उघडून बसलो होतो. घड्या उलगडताना ती सहज म्हणाली, "आजीने सूतक या सतरंजीवर काढलं."

"कुठलं सूतक?"

"गावच्या आजोबांचं. दुपारी तुम्ही नसताना ती खाली सतरंजीवर झोपायची. तुमच्या येण्याच्या आधी मी घडी करून ठेवायचे."

मी म्हणालो, तिला तर दोन महिन्यांनी सांगितलं.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटत होतं की इतक्या वर्षांत मला कधीतरी कळलं असेल. मग तिने सांगितलं. त्या गुरुवारी साडेदहा वाजून गेल्यावर आजीने विचारलं होतं आणि तिने मी पढवलेलं सगळं म्हणून दाखवलं होतं: फोन आला होता, आजोबा मजेत आहेत, द्राक्षांच्या कामात आहेत. आजी म्हणाली, "द्राक्षं तर उतरली गं. गेल्या गुरुवारीच बोलला तो, बाग मोकळी झाली म्हणून." मग उठली, बाथरूममध्ये गेली, आणि ऑपरेशनच्या टाक्यांची पर्वा न करता डोक्यावरून पाणी घेतलं.

त्या बुधवारी अंत्ययात्रेबरोबर मी त्याच बागेच्या कडेने चाललो होतो. काकांना बागेच्या पलीकडेच नेलं. वेलींवर एकही घड नव्हता, हे आता मला आठवतं. जन्मभर दुसऱ्यांचं तपासून लाल रंग लावत आलो, आणि एकुलतं एक खोटं रचलं ते तपासलं नाही.

"तू मला का सांगितलं नाहीस?"

"आजीने सांगू दिलं नाही. म्हणाली, तू खोटं बोललीस ते चांगलं केलंस, आता माझ्यासाठी आणखी एक बोल. बाप विचारंल तर म्हण, आजीनं बरं म्हटलं." मग तिने आजीच्याच आवाजात सांगितलं, "'जाणता झाल्यापासून पहिल्यांदा खोटं बोलतोय तो. मोडू नको त्याचं.'"

"आणि पूजा?"

"तिला सूतक होतं ना. म्हणाली, लहान लेकराला लागत नाही, तू कर."

मला केसांचं आठवलं. मी मुलीला विचारलं नाही, पण तीच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही हिशोब सांगितला ना, सत्तावीस आणि पस्तीस, तेव्हा आजी आत येऊन रडली. म्हणाली, उद्या भावकीत एकटाच केस घेऊन उभा राहील हा."

"मम्मीला माहीत होतं?"

"शनिवारी आली तेव्हा आजीनेच सांगितलं."

म्हणजे घरात चार माणसं होतो, त्यांतल्या तिघींना माहीत होतं. बायकोला मी त्या रात्री काही विचारलं नाही. काय विचारणार? मी आईला जपत होतो आणि त्या तिघी मला जपत होत्या. आईने दुःख केलं ते दुपारी, सतरंजीवर, दहा वर्षांच्या पोरीच्या सोबतीने. आणि संध्याकाळी घरी येऊन मी तिचं ब्लडप्रेशर वहीत लिहीत होतो. वही अजून आहे. काढून बघितली. त्या तारखेला एकशे अडुसष्ट लिहिलंय आणि पुढे कंसात 'अशक्तपणा'. आम्ही रविवारी समोर बसवून सांगितलं तेव्हा ती जे रडली, ते कितपत काकांसाठी होतं आणि कितपत माझ्यासाठी, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

मुलगी गेल्यापासून सोमवार ते शुक्रवार मी घरात एकटा असतो. संध्याकाळी सातला तिला फोन करतो. जेवलीस का, हो. अभ्यास, चालू आहे. बरी आहेस ना, मजेत. तुम्ही कसे, मीही मजेत. फोनमध्ये किती मिनिटं बोललो ते दिसतं. जुलैत अकरा-बारा मिनिटं व्हायची. ऑगस्टात सात. सप्टेंबरात चार, एकदा तर एक मिनिट पन्नास सेकंद. आवाज मात्र रोज सारखा, नीट, गुळगुळीत. असा आवाज कसा काढतात हे तिला कुणी शिकवलं ते मला माहीत आहे. गच्चीवर नेऊन मीच शिकवलं. ज्याच्यावर जीव आहे त्याला दुखेल असं सांगायचं नाही, हे ती तेव्हा जे शिकली ते आता मला लागू झालं होतं. पोरगी तिकडे कशात तरी अडकली आहे आणि मला ते कधीच कळणार नाही, या भीतीने मला कामावरही नीट मापं दिसेनात.

सरळ विचारावं तर ती 'नाही' म्हणणार आणि आणखी एक खोटं तिच्या डोक्यावर बसणार. आठवडाभर विचार केल्यावर माझ्या लक्षात आलं की रोज 'मजेत' मीही म्हणतो आहे.

परवाच्या बुधवारी फोन लावला. तिने विचारलं, "जेवलात?"

"नाही," मी म्हणालो. "काल रात्रीही नाही जेवलो. एकट्यासाठी कुकर लावावासा वाटत नाही. बिस्किटं खातो. घर खायला उठतं. कामावरून निघताना पाय जड होतात."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"कधीपासून?"

"तू गेल्यापासून."

"मग रोज मजेत काय म्हणता?"

"तू काय म्हणतेस?"

मग ती म्हणाली, "पप्पा, मी सांगते, पण तुम्ही लगेच काही करायचं नाही. पुण्याला यायचं नाही. कुणाला फोन करायचा नाही. नुसतं ऐकायचं. जमेल?"

"प्रयत्न करतो," मी म्हणालो. जमेल म्हणालो असतो तर ते खरं झालं नसतं.

ती बोलली. किती मिनिटं ते मी नंतर पाहिलं नाही. काय बोलली ते इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. फार भयंकर काही नव्हतं आणि किरकोळही नव्हतं. दोनदा रडली. मधे मला तीन उपाय सुचले, ते मी गिळले. शेवटी म्हणाली, "मम्मीला सांगू नका. ती तिकडे एकटी असते, रात्रभर झोपणार नाही. परीक्षा झाली की मीच सांगेन."

मी बरं म्हणालो. मग कुकर लावला, कारण तसं तिने बजावलं होतं, आणि शिट्ट्या मोजत ओट्याशी उभा राहिलो.

शनिवारी दुपारी बायको आली. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली, आणि पंख्याखाली बसत विचारलं, "काय म्हणते पोरगी?"

"बुधवारी बराच वेळ बोलली," मी म्हणालो.

एवढं खरं होतं. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग उठून चहा ठेवायला आत गेली. तिला त्यातून किती कळलं ते मी विचारलं नाही, आणि तिनेही पुढे काही विचारलं नाही. आम्ही दोघं समोरासमोर बसून चहा प्यायलो.